सिव्हिलचं आयसीटीसी (एचआयव्ही टेस्ट आणि समुपदेशनाचं केंद्र): ५ पैकी ४ स्टार

मित्र एकटा जायला तयारच नव्हता म्हणून सोबत गेलो, मग मीपण टेस्ट करून घेतली. केसपेपरच्या खिडकीवरचा माणूस अख्ख्या लाईनीला ऐकू जाईल असा ओरडला, "एचआयव्हीची ना? १४ नंबर!" एक स्टार तिथेच कापला, मित्र तर तिथूनच परत फिरत होता. पण आतल्या काउन्सेलर मॅडम एकदम भारी, आधी दार लावलं, पाणी दिलं, मग संमतीची सही घेतली, २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने रिपोर्ट गुप्त ठेवावा लागतो हे मला तिथंच कळलं. टेस्ट फुकट. माझी निगेटिव्ह, त्याची पॉझिटिव्ह (तीन वेगवेगळ्या किटवर बघूनच सांगतात). एआरटी सेंटर (एचआयव्हीच्या उपचाराचं) त्याच आवारात, गोळ्यापण फुकट, रोज एकच. नियमित घेऊन व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) सापडेनासा झाला आणि तसाच राहिला की सेक्समधून जोडीदाराला लागण होत नाही, हे मॅडमनी दोनदा सांगितलं तेव्हा कुठे गडी खुर्चीला पाठ टेकून बसला. येताना एकाच प्लेटमध्ये भजी खाल्ली, बिल त्यालाच द्यायला लावलं.

आधी काही विचारायचं असेल तर एचआयव्हीची हेल्पलाईन १०९७, टोल फ्री आहे. आणि खिडकीवर फक्त "१४ नंबर" म्हणा, बाकी काही बोलू नका.