वणव्यांचा माग: चाळणीवरचा कोळसा की परागपट्टीवरचा?

धामापूरसारख्या तळ्याच्या गाळातून जुन्या वणव्यांचा इतिहास वाचू पाहणाऱ्या सिंधुदुर्गातील एका विद्यार्थिनीपुढे प्रश्न आहे: चाळणीवर उरणारे कोळशाचे मोठे कण मोजावेत, की परागकणांच्या काचपट्टीवरचे सूक्ष्म कण?

माझ्या मते निर्णायक निकष अंतराचा आहे. सुमारे १२५ मायक्रॉनहून मोठे कण वाऱ्याबरोबर सहसा फार दूर जात नाहीत. त्यामुळे सलग एकेक सेंटिमीटरच्या थरांत त्यांची संख्या एकाएकी वाढलेली दिसली, तर आग काही किलोमीटरांच्या आतच लागली असावी, असे मानता येते. सूक्ष्म कण मात्र कितीतरी दूरवरून येतात आणि साऱ्या प्रदेशातील जळिताची सरासरी सांगतात. कोकणात तर दरवर्षी भाजले जाणारे राब (भातरोपांच्या वाफ्यांवर जाळायचा पालापाचोळा) आणि सड्यांवरचे, म्हणजे जांभ्याच्या पठारांवरचे, गवताचे वणवे त्या सरासरीत भर घालतच राहतात.

चाळणीची पद्धत स्वस्त आहे: हायड्रोजन पेरॉक्साइड, बारीक चाळणी आणि स्टिरिओ सूक्ष्मदर्शक पुरतो. परागपट्टीसाठी बहुधा घातक हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरावे लागते, शिवाय प्रक्रियेत कण फुटून संख्या फुगू शकते. पण त्याच पट्टीवर त्या काळची झाडेझुडपेही ओळखता येतात.

तळ्याभोवतालचे वणवे शोधायचे असतील, तर चाळणीच घ्यावी; कुमरी (जंगल तोडून-जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या) शेतीमुळे अरण्य कसे पालटले हे जाणायचे असेल, तर परागपट्टीचे कष्ट घ्यावेत.