मिठाचा टँक, गोळ्यांचं पाणी
कवलापूरच्या घरामागं आम्ही २० बाय १० फुटांचा, साडेचार फूट खोल स्विमिंग टँक बांधला तो हिच्या गुडघ्यांसाठी. पाण्यात चालायचा व्यायाम डॉक्टरांनी सांगितला होता. नातीचे डोळे क्लोरिननं लाल होतात, ही आमची एकच धास्ती. ठेकेदारानं ती बरोब्बर हेरली. "काका, खाऱ्या पाण्याचा करा. क्लोरिनचा विषयच संपला, मशीन मिठावर चालतं." मशीनचे १,८५,००० रुपये, वर देखभालीचे महिना ४,५००. त्यात २५ किलोची दोन पोती 'इम्पोर्टेड' मीठ.

शेजारच्या आण्णांनी तेव्हाच विचारलं होतं, "आमची रानं मिठानं फुटली, आन् तुम्ही पैसं देऊन मीठ आणताय व्हय?" कृष्णाकाठची क्षारपड जमीन बघत ज्याचा जन्म गेला, त्याचा प्रश्न. मी हसण्यावारी नेला.

चार महिने पाणी आरशासारखं. भिंतीवर पांढरी पेटी, तिच्यावर हिरवा दिवा. नातीचे डोळेही लाल झाले नाहीत, त्यामुळं विश्वास पक्का बसला. दर शनिवारी ठेकेदाराचा पोरगा यायचा, जाळीनं पाला काढायचा, स्किमरपाशी, म्हणजे वरवरचं पाणी नि पाला ओढून घेणाऱ्या खोक्यापाशी, जरा रेंगाळायचा, चहा पिऊन जायचा. एप्रिलात तो गावच्या जत्रेला गेला आणि दोन आठवडे फिरकलाच नाही. आधी भिंती बुळबुळीत झाल्या, मग पाणी हिरवं पडलं. पेटीवरचा दिवाही हिरवाच. ठेकेदार फोनवर म्हणाला, "मीठ कमी पडलंय काका, चार पोती टाकावी लागतील."

इथं माझी ट्यूब पेटली. पाणी उडून जातं, मीठ उडत नाही. म्हणून तर आण्णांचं रान फुटलं. टँकमधलं मीठ पाणी सांडलं, पावसानं ओसंडलं किंवा फिल्टर धुताना बाहेर गेलं तरच कमी होतं. मग चार महिन्यांतली आठ पोती, म्हणजे २०० किलो मीठ गेलं कुठं? आमच्या टँकमध्ये साधारण २५,००० लिटर पाणी. लिटरला साडेतीन ग्रॅम धरलं तरी सुरुवातीला एकदाच ८०-९० किलो टाकलं की काम भागतं. हा हिशेब मी आधी का केला नाही, ते विचारू नका. आयुष्यभर बँकेत दुसऱ्यांचेच हिशेब तपासले.

मणेराजुरीचा माझा मावसभाऊ द्राक्षबागायतदार. फवारणीच्या पाण्याचा ईसी, म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते आणि त्यावरून क्षार किती, ते मोजायचं पेन त्याच्या गाडीतच असतं. मिठाच्या टँकचा ईसी सहा-सातच्या घरात यायला हवा. पेन बुडवलं, आकडा १.४. मग बोअरच्या नळाखाली धरलं, १.३. "भावा, ह्यात मीठ पडलेलंच नाही," म्हणत त्यानं स्किमरचं झाकण उचललं. आत जाळीच्या पिशवीत झिजून बोराएवढा राहिलेला पांढरा तुकडा. नाकाशी धरला तर झिणझिण्या आल्या. क्लोरिनची गोळी.

खरं मशीनसुद्धा क्लोरिनच बनवतं. मिठाच्या पाण्यातून वीज सोडली की मिठातला क्लोरिन पाण्यात सुटतो, म्हणजे 'क्लोरिनचा विषय संपला' हे पहिलं वाक्यच खोटं होतं. त्या मशीनमधल्या पट्ट्या टायटॅनियमच्या असतात, त्यांना चुंबक चिकटत नाही. भावानं फ्रिजवरचं गणपतीचं मॅग्नेट आणून आमच्या पट्ट्यांना लावलं, टक्कन चिकटलं. पेटीतली वायर फक्त दिव्यापर्यंत. पंप बंद केला तरी दिवा चालूच! चांगलं मशीन पाणी वाहायचं थांबलं की स्वतःहून बंद पडतं, आणि चालू असताना पट्ट्यांवरून दुधासारखे बारीक बुडबुडे सुटतात. कुणी असा टँक करणार असाल तर शेवटचा हप्ता द्यायच्या आधी एवढं नक्की बघा. ईसीचं पेन आपल्याकडं कुठल्याही द्राक्षवाल्याकडं मिळेल.

माझ्याकडं बिल नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचं कोटेशन आणि एका चेकची नोंद, बाकी रोख. ठेकेदाराचा नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय. त्याला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून घाई.

टँक आता आम्हीच सांभाळतो. क्लोरिन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम, पीएच ७.२ ते ७.६, दर दोन दिवसांनी तपासणीची कागदी पट्टी बुडवून बघायचं. हिचा व्यायाम चालू आहे. पेटी आणि मशीनच्या पट्ट्या खोक्यात भरून ठेवल्यात आयोगापुढं न्यायला, मॅग्नेट काढलेलं नाही.