निर्यातीच्या गुरांसाठी इलेक्ट्रॉनिक कानबिल्ला: वापरानंतरचे मत

निर्यातीला निघालेले जनावर गोठ्यापासून जहाजापर्यंत निःसंशय ओळखता यावे, या कसोटीला हा बिल्ला उतरतो. आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांनुसार तो १३४.२ किलोहर्ट्झवर वाचला जातो. गुरे अरुंद वाटेने चालत असतानाच त्यातील १५ अंकी क्रमांकाची नोंद होत असल्याने प्रत्येकाची मान आवळून आकडा वाचण्याची झटापट टळते, आणि मला हाच त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो. तापल्या लोखंडाच्या डागाशी तर तुलनाच नको, कारण तो डाग म्हणजे भरून यायला अनेक आठवडे घेणारी भाजलेली जखम असते. द्रवरूप नायट्रोजनने कातडी गोठवून उमटवलेल्या ठशाने वेदना कमी होतात, पण होतातच. शिवाय पांढऱ्या केसांवर तो नीट वाचता येत नाही.

तरीही बिल्ला निर्दोष नाही. तो कानाच्या मधल्या भागात, कूर्चेच्या दोन उंचवट्यांमध्ये, रक्तवाहिनी टाळून बसवावा लागतो. जागा चुकली तर कान पिकतो किंवा कुंपणात अडकून फाटतो. माहितीपत्रकात मात्र यासाठी एकच धूसर आकृती आहे. बिल्ला गळून पडल्यास ऐन रवानगीच्या वेळी दुसरा ठोकावा लागतो, म्हणजे नवी जखम. जनावराला गिळवलेली, पोटात राहणारी बोलस गोळी (हीत ओळखक्रमांकाची चिप असते) सहसा पडत नाही, पण ती लहान कोकरांना देता येत नाही आणि बाहेरून दिसतही नाही.

मोठ्या गुरांसाठी मी हाच बिल्ला पुन्हा घेईन; सोबतची पक्कड मात्र नाही, कारण तिची सुई फार लवकर बोथट होते.