एकच इंजिन, दोन बिल्ले: सुपर्ब आणि ए4 आठ महिने वापरल्यावर

गाड्या दोन, दोन्ही 2021 च्या. एक स्कोडा सुपर्ब, दुसरी ऑडी ए4. कागदावर दोन्हींचं इंजिन 1984 सीसी, चार सिलिंडर, टर्बो पेट्रोल, ताकद 190 पीएस, टॉर्क (फिरवण्याचा जोर) 320 न्यूटन-मीटर, म्हणजे एनएम. दोन्ही पुढच्या चाकांवर चालतात, दोघींना सात गिअरचा ड्युअल क्लच आहे आणि दोन्ही छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवल्या गेल्या. मे 2020 मध्ये सुपर्ब 29.99 लाखांपासून आली, जानेवारी 2021 मध्ये ए4 आली 42.34 लाखांपासून. मग वरचे बारा लाख कशाचे, असा प्रश्न कुणालाही पडेल. बिल्ल्याचे, असं उत्तर तयारच असतं. ते अर्धंच खरं आहे.

इंजिनाच्या या घराण्याचं नाव ईए888. फोक्सवॅगन समूहाच्या पोलोपासून ऑडी क्यू5 पर्यंत ते कुठे ना कुठे बसवलेलं सापडतं. पण ईए888 हे एक इंजिन नाही, कुटुंब आहे. 190 पीएसवाल्या या भावात बी-सायकल वापरली आहे. पिस्टन खाली पोचण्याच्या बरंच आधी हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह मिटतो, म्हणजे हवा कमी आत येते पण स्फोटानंतरचं प्रसरण पूर्ण मिळतं. त्यामुळे कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते, 11.6 च्या आसपास नेता येतं आणि हलक्या पायाने चालवलं की पेट्रोल वाचतं. पाय दाबला की कॅमवरची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरची) यंत्रणा सरकते, व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडा राहतो आणि टर्बो कामाला लागतो. स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस 245 मधलं 245 पीएस आणि 370 एनएमचं इंजिनही 1984 सीसीचंच, पण त्याचं कॉम्प्रेशन 9 ते 10 च्या दरम्यान, टर्बो मोठा, पिस्टन वेगळे. त्यामुळे 'तेच इंजिन आहे, नुसता मॅप (इंजिनाचं सॉफ्टवेअर) टाकला की 245 होतात' असं सांगणाऱ्याला आधी कॉम्प्रेशन रेशो विचारा. जास्त कॉम्प्रेशनवर जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) चढवला की नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचा अवेळी स्फोट, सुरू होतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इग्निशन मागे ओढतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि कागदावर वाढलेली ताकद मे महिन्याच्या उन्हात गायब होते.

इंजिन एक असूनही आकडे कसे बदलतात हे समजायला आधीच्या 1.8 टीएसआय या टर्बो पेट्रोल इंजिनाकडे पाहावं. 2016 च्या सुपर्बमध्ये हे इंजिन मॅन्युअल गिअरबॉक्ससोबत 180 पीएस आणि 320 एनएम द्यायचं. ऑटोमॅटिक घेतली की 180 पीएस तेच, पण टॉर्क 250. कारण इंजिनात नव्हतं. सोबतचा डीक्यू200 हा कोरड्या क्लचचा डीएसजी (समूहाचा ड्युअल क्लच गिअरबॉक्स) आणि त्याची झेपच 250 एनएमची. मग सॉफ्टवेअरने टॉर्कला वेसण घातली. पीएस मात्र तेवढेच का राहिले? ताकद म्हणजे टॉर्क गुणिले फेरे. 320 एनएम 4000 फेऱ्यांच्या अलीकडेच 180 पीएसला पोचतो, 250 ला त्यासाठी 5100 फेरे लागतात. म्हणजे ब्रोशरवर ताकद सारखी, पण घाटात तिसऱ्या गिअरवर ट्रक ओलांडताना फरक चांगलाच जाणवतो. सेकंड-हँड बाजारात ही ऑटोमॅटिक मुबलक मिळते, तेव्हा जाहिरातीत 320 लिहिलेलं दिसलं तर ते मॅन्युअलचं समजा.

2.0 मध्ये ही अडचण नाही. सुपर्बमध्ये डीक्यू381, ए4 मध्ये डीएल382, दोन्ही ओल्या क्लचचे. तेलात बुडालेले क्लच उष्णता सहन करतात, त्यामुळे पुण्यातल्या सिग्नलवर कोरड्या क्लचसारखी धडधड दोघींतही नाही. पण गिअरबॉक्स बनवतानाच दोन वेगळ्या मांडण्या धरल्या आहेत. सुपर्बचं इंजिन आडवं, म्हणजे चाकाच्या अ‍ॅक्सलला समांतर. ए4 चं उभं, गाडीच्या लांबीत. बोनेट उघडून रेस दिली की दिसतं: सुपर्बचं इंजिन पुढे-मागे डुलतं, ए4 चं डावी-उजवीकडे.

या डुलण्यातून रोजचा फरक जन्माला येतो. आडव्या इंजिनाचा झटका खालचा एक टॉर्क माउंट (इंजिन धरणारा रबरी आधार) झेलतो. त्याचं रबर थकलं की ड्राइव्हमधून रिव्हर्स टाकताना 'ठक्' येतो आणि एसी लावून सिग्नलला उभं असताना स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर जाणवते. मेकॅनिक पटकन गिअरबॉक्सकडे बोट दाखवतो. आधी माउंट पाहायला सांगा, गिअरबॉक्स उघडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. ए4 मध्ये तोच झटका बाजूला जातो आणि केबिनमध्ये कमी उतरतो. वर आवाज अडवणारं सामान जास्त भरलेलं. म्हणून डॅशबोर्डवर हात ठेवला तर दोन गाड्यांचं आयडलिंग एकाच इंजिनाचं वाटत नाही.

दुसरा मोठा फरक 12 व्होल्टच्या माइल्ड हायब्रिडचा. ए4 मध्ये साध्या ऑल्टरनेटरच्या जागी बेल्टवर चालणारा स्टार्टर-जनरेटर आहे. सिग्नलला गाडी थांबायच्या आधीच इंजिन बंद होतं आणि ब्रेक सोडला की कळायच्या आत चालू. सुपर्बमध्ये हे काम नेहमीचा स्टार्टर करतो: गुर्र, हलकासा धक्का, मग इंजिन. चार दिवसांत बहुतेक सुपर्बवाले स्टार्ट-स्टॉपचं बटण दाबून ते बंदच करून टाकतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही. ए4 वाल्याला बटण कुठे आहे हेही आठवत नाही.

पायाखालचं ट्यूनिंग हा खरा मुद्दा. नॉर्मल मोडमध्ये सुपर्ब फार घाईने वरचे गिअर टाकते. तिसाच्या वेगाला चौथा, आणि फेरे 1300 च्या आसपास. तिथे ए4 सुद्धा वरच्या गिअरला जाते, पण अर्धा पाय दाबल्यावर तिचा गिअर खाली यायचा वेळ कमी आणि क्लच धरण्याची पद्धत मऊ. सुपर्ब आधी विचार करते, मग एकदम दोन गिअर पाडते. स्पोर्टमध्ये टाकलं की ही खोड जाते, पण मग मोकळ्या रस्त्यावर फेरे विनाकारण चढून राहतात. उपाय सोपा: शहरात नॉर्मल, ओव्हरटेक दिसला की गिअर लिव्हर मागे ओढून एस, काम झालं की परत डी. खंडाळ्याचा घाट उतरताना मात्र दोन्ही गाड्यांत डाव्या पॅडलने गिअर तिसऱ्यावर धरा. गिअरबॉक्सवर सोडलं तर ब्रेक तापतात.

शून्य ते शंभर कंपनीच्या आकड्यांनुसार ए4 ला 7.3 सेकंद, सुपर्बला 7.7. आठ महिन्यांत हा फरक एकदाही उपयोगी पडला नाही. 320 एनएम 1450 फेऱ्यांपासून 4200 पर्यंत सपाट असल्याने एक्सप्रेसवेवर शंभरच्या मर्यादेत दोघींचं इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या आतच पहुडलेलं असतं. मायलेजही जवळपास सारखं: शहराच्या गर्दीत लिटरला आठ ते दहा, शंभरच्या एकसारख्या वेगाला चौदा ते सोळा. ए4 थोडी वर राहते, तीही गर्दीतच, माइल्ड हायब्रिडमुळे.

पेट्रोलबद्दल. एवढ्या कॉम्प्रेशनच्या इंजिनाला किमान 95 ऑक्टेन हवं, टाकीच्या झाकणामागचा स्टिकर वाचा. त्याहून कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर इंजिन लगेच बिघडत नाही, नॉक सेन्सर सांभाळून घेतो, पण चढावर पिकअप मंदावतो. गाडीच्या संगणकाला स्कॅनर लावून प्रत्येक सिलिंडरचं इग्निशन किती मागे गेलंय हे पाहता येतं. टाकी बदलून दोनदा तोच चढ चढा, स्कॅनरच सांगेल.

आता खिशाचं बोलू. एकच इंजिन म्हणून सुटे भाग एकमेकांना चालतात का? पार्ट नंबरचे पहिले तीन अंक-अक्षरं पाहा. 06के किंवा 06एल ने सुरू होणारा भाग इंजिन कुटुंबाचा: कॉइल, सेन्सर, कूलंटचं थर्मोस्टॅट-पंप मॉड्यूल वगैरे. पुढचे सगळे अंक आणि शेवटचं अक्षर जुळत असेल तर ऑडीच्या खोक्यातला आणि स्कोडाच्या खोक्यातला भाग एकच. 3व्ही म्हणजे सुपर्ब, 8डब्ल्यू म्हणजे ए4, ते एकमेकांना लागणार नाहीत. 5क्यू दिसला तर तो समूहाच्या एमक्यूबी या सामाईक सांगाड्यावरच्या, आडव्या इंजिनांच्या गाड्यांचा, तो ए4 च्या वाटेला सहसा जात नाही. तेलाचं मात्र गृहीत धरू नका. आडव्या इंजिनात साधारण 5.7 लिटर मावतं, उभ्याचा संप (तेलाचं खालचं भांडं) वेगळा. गाडीच्या पुस्तकातला आकडा आणि फोक्सवॅगनचा तेलासाठीचा मंजुरी क्रमांक, दोन्ही बघूनच डबा उघडा. नुसतं 5डब्ल्यू-30 (तेलाचा दाटपणा) जुळलं म्हणजे तेल जुळलं असं नाही.

या पिढीचं सगळ्यात माहीत असलेलं दुखणं म्हणजे तेच प्लास्टिकचं थर्मोस्टॅट-पंप मॉड्यूल. इंजिन गरम-थंड होत राहतं, प्लास्टिक किंचित वाकतं, सील सुटतो. जमिनीवर थेंब दिसत नाही, कारण गळलेलं कूलंट खालच्या ट्रेमध्ये साचतं किंवा गरम धातूवर सुकून जातं. खुणा अशा: दोन-तीन महिन्यांत कूलंटच्या बाटलीत बोटभर पातळी उतरलेली, बंद गाडीजवळ गोडसर वास, आणि टॉर्च मारली तर मॉड्यूलच्या सांध्यावर गुलाबी पापुद्रा. नुसता सील बदलण्याच्या भानगडीत पडू नका. मॉड्यूलपर्यंत हात पोचायलाच मजुरी जाते, तेव्हा पूर्ण मॉड्यूल बदला. भरताना हिरवं कूलंट वरून ओतलं तर गाळ धरतो. बाटलीवर जी मंजुरी लिहिली आहे तेच घ्या.

जुन्या गाडीवर डोळा असेल तर आणखी एक सांगायला हवं. स्कोडा लॉरा 1.8 टीएसआय, तिच्या काळातली सुपर्ब आणि तेव्हाची ए4 1.8 टीएफएसआय या आधीच्या पिढीच्या. त्या पिढीत टायमिंग चेन (व्हॉल्व्हची वेळ साधणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर दगा द्यायचा आणि पिस्टनवरच्या पातळ ऑइल रिंगांमुळे इंजिन तेल प्यायचं. रात्रभर उभी असलेली गाडीच पाहायला जा, विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवली असेल तर परत फिरा. सुरू केल्यावर पहिले एक-दोन सेकंद साखळी खुळखुळल्यासारखा आवाज आला की टेन्शनर आणि चेनचा खर्च किमतीतून वजा करूनच बोला. तेल हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपेक्षा जास्त जात असेल तर तो सौदा नकोच.

समूहाबाहेरही हा खेळ चालतो. 2020 च्या डस्टर टर्बोचं 1.3 लिटर इंजिन रेनो आणि मर्सिडीजच्या भागीदारीतलं, 156 पीएस आणि 254 एनएमचं. चाकणला जुळवल्या जाणाऱ्या मर्सिडीज जीएलए 200 मध्ये त्याचाच भाऊ 163 पीएस आणि 250 एनएम देतो. तिथेही आकड्यांत नावापुरता फरक. डस्टरला मॅन्युअल किंवा सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक), जीएलएला ड्युअल क्लच, आणि चालवताना लक्षात राहतो तो गिअरबॉक्सच.

मागच्या सीटवर कोण बसणार यावर सुपर्ब की ए4 हे ठरवा. आई-वडील आणि लांबचा प्रवास असेल तर सुपर्बच्या मागच्या जागेसमोर ए4 ओशाळते. स्वतः रोज दोन तास गर्दीत स्टिअरिंग धरणार असाल तर ए4 चा मऊ क्लच आणि शांत स्टार्ट-स्टॉप पैसे वसूल करतात. दोन्हींपैकी कोणतीही पाहायला जाताना टॉर्च, 500 रुपयांचा ओबीडी डोंगल (गाडीचा संगणक फोनवर वाचणारं यंत्र) आणि खालचा ट्रे उतरवायला तयार असलेला मेकॅनिक सोबत न्या.