फ्यूजची फळी गेली, स्विच पडू लागला : नवी पेठेतील एका वायरमनच्या कामाविषयी

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या घरात गेल्या उन्हाळ्यापर्यंत मीटरशेजारच्या लाकडी फळीवर चिनी मातीचे चार किटकॅट फ्यूज होते. त्यांपैकी एकात फ्यूज तारेऐवजी साध्या वायरीतील तांब्याचे चार पदर पिळून बसवलेले होते. म्हणजे तो केवळ नावापुरता फ्यूज होता. एका ठेकेदाराने ती फळी काढून एमसीबी (भार जादा झाला की आपोआप बंद होणारे स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या प्रवाहात फरक पडला की वीज तोडणारा स्विच) असलेला डबा बसवला. दुसऱ्याच दिवसापासून आरसीसीबी पडू, म्हणजे आपोआप बंद होऊ लागला, तेव्हा तो काढून थेट जोडणी करून देतो, असे ठेकेदाराचे म्हणणे पडले.

ते न पटल्याने नवी पेठेतील एका विद्युत साहित्याच्या दुकानातून वायरमन बोलावला. कबूल केल्यापेक्षा दोन दिवस उशिरा आला. मात्र आल्याबरोबर त्याने, स्विच पडतो तेव्हा घरात काय काय चालू असते, हे विचारले. मिक्सर लावला की पडतो, म्हणून आम्ही मिक्सरलाच दोषी ठरवून माळ्यावर टाकले होते. त्याने आरसीसीबीच्या पुढच्या सर्व वायरी न्यूट्रलसह (परतीच्या वायरीसह) सोडवून एकेक सर्किट ५०० व्होल्टच्या मेगरने (वीज कुठे गळते का ते तपासणाऱ्या उपकरणाने) तपासले आणि दोष निघाला तो बंद असलेल्या गिझरमध्ये. भिंतीवरचे बटण फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी वायर तोडते, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. गिझरच्या खराब कॉइलमधून तो अर्थिंगला लागलेला असल्याने मिक्सरचा परतीचा थोडा प्रवाह त्या वाटेने जमिनीत जात होता, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रवाहातील तेवढा फरक आरसीसीबीला पुरेसा होता. जुन्या फ्यूजला याचा पत्ताही लागला नसता. परसातील अर्थिंगचा खड्डा कोरडा ठणठणीत पडला होता. सोलापूरच्या उन्हाळ्यात त्यात अधूनमधून पाणी ओतत जा, असेही त्याने बजावले.

कॉइल बदलल्यापासून आरसीसीबी पडतो तो फक्त महिन्यातून एकदा आम्ही टेस्टचे बटण दाबतो तेव्हा. तपासणीची ८०० रुपये मजुरी मला रास्त वाटली, पण पावती साध्या कागदावर आणि ढोबळ रकमेची मिळाली. कोणता एमसीबी कोणत्या खोलीचा, हे मागितल्यावर त्याने पेन्सिलीने लिहून दिले. ती अक्षरे आताच पुसट झाली आहेत.