अंदमानातून सामान पाठवताना: टपाल खाते आणि खासगी कुरिअर, वर्षभराच्या वापरानंतरचा अनुभव

अंदमानातून महाराष्ट्रात सामान पाठवायचे तर टपाल खात्याकडे जावे की खासगी कुरिअरकडे, हा प्रश्न इथे बदलीवर आलेल्या जवळजवळ प्रत्येक मराठी कुटुंबाला पहिल्या महिन्या-दोन महिन्यांतच पडतो. यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही पोर्ट ब्लेअरला, म्हणजे सप्टेंबर २०२४ पासूनच्या अधिकृत नावाने श्री विजय पुरमला, राहायला आलो त्याला आता वर्ष उलटून गेले आहे. या काळात विमा आणि बँकेची कागदपत्रे, इथल्या मिरी-लवंग-जायफळाच्या पुड्या, खोबरेल तेल, करवंटीच्या शोभेच्या वस्तू असे बरेच काही मी पुणे, कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातील आमच्या गावी पाठवले, आणि तिकडून औषधे, मसाले व दिवाळीचा फराळ मागवला. टपालाखेरीज देशभर स्वतःचे जाळे असलेली एक मोठी कुरिअर कंपनी आणि फ्रँचायजीवर चालणारी एक कंपनी अशा दोन खासगी सेवा मी वापरल्या. त्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण फ्रँचायजी चालवणारा माणूस बदलला की त्याच पाटीखाली निराळाच अनुभव येतो.

वेगाची तुलना करताना आपण मेनलँडवरच्या सवयीने विचार करतो आणि तिथेच गफलत होते. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या पार्सलला एक गाडी चुकली तर दुसरी मिळते. इथून निघायला विमान किंवा जहाज एवढे दोनच मार्ग आहेत. चेन्नई समुद्रमार्गे सुमारे १,२०० किलोमीटरवर आहे, कोलकाता त्याहून थोडे लांब, आणि प्रवासी जहाजाला तेवढ्या अंतरासाठी अडीच-तीन दिवस लागतात. त्यामुळे घाईचे टपाल असो वा कुरिअर, दोन्ही अखेर वीर सावरकर विमानतळावरून चेन्नई किंवा कोलकात्याकडे जाणाऱ्या प्रवासी विमानांच्या पोटातच चढतात. खराब हवामानाने उड्डाण रद्द झाले की दुप्पट पैसे मोजलेले पाकीटही स्पीड पोस्टाच्या पाकिटाइतकेच मागे राहते. मोसमी पाऊस इथे मेच्या मध्यालाच येऊन थडकतो, आणि तो ओसरतो न ओसरतो तोच ऑक्टोबरपासून ईशान्य मोसमी वारे आणि बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे सुरू होतात. जानेवारी ते एप्रिल या कोरड्या महिन्यांत मोठ्या कंपनीने पुण्याला दिलेला वायदा बहुतेक वेळा पाळला आणि ती स्पीड पोस्टाच्या एक-दोन दिवस पुढे राहिली. पावसाळ्यात मात्र हा फरक इतका पुसट झाला की त्यासाठी जास्तीचे पैसे मोजणे मला पटेनासे झाले.

दरांच्या बाबतीत टपाल खात्याची बाजू उघडच भक्कम आहे. रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले आणि १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टाचे नवे दर लागू झाले. त्यानुसार ५० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाला स्थानिक हद्दीबाहेर देशात कुठेही ४७ रुपये पडतात. पुणे इथून दोन हजार किलोमीटरच्या पलीकडे असल्यामुळे सर्वांत वरचा टप्पा लागतो, आणि तरीही अर्ध्या किलोपर्यंतच्या पाकिटाचा दर ९३ रुपये आहे. वर १८ टक्के जीएसटी धरला तरी रक्कम ११० रुपयांच्या आत राहते. कागद ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच किंवा त्याने नेमलेल्या माणसाच्या हाती पडावा यासाठी नोंदणीचे ५ रुपये आणि त्यावरचा कर वेगळा द्यायचा. विम्याच्या कागदांसाठी मी हे नोंदणीचे पैसे नेहमी देते. खासगी कंपन्या अंदमानला ईशान्य भारत आणि जम्मू-काश्मीर यांच्याबरोबर दूरच्या विशेष विभागात टाकतात, मूळ दरावर इंधन अधिभार लावतात आणि पोहोचवण्याचे ठिकाण त्यांच्या नेहमीच्या हद्दीबाहेर असेल तर आणखी आकार घेतात. लहान पाकिटाला साधारण दुप्पट, वजनदार खोक्याला त्याहूनही जास्त, असा माझा हिशेब निघाला.

यात नवख्या माणसाला न दिसणारी एक गोष्ट आहे. विमानाने जाणाऱ्या सामानाचे पैसे काट्यावरच्या वजनावर घ्यायचे की आकारमानावर, हे जे जास्त भरेल त्यावर ठरते, आणि खासगी कंपन्या त्यासाठी सेंटिमीटरमधील लांबी, रुंदी, उंची यांचा गुणाकार करून त्याला बहुधा ५,००० ने भागतात. करवंटीचा एक दिवा पाठवायला मी ३० बाय ३० बाय २० सेंटिमीटरचा खोका घेतला होता. काट्यावर तो एक किलोही भरला नाही, पण पावतीवर ३.६ किलो लागले. काउंटरवरच्या मुलाने टेप लावून मापे घेतली, हिशेब कॅल्क्युलेटरवर करून दाखवला, आणि वर पुढच्या वेळी खोका कापून लहान करून आणा, असा सल्लाही दिला. सल्ला योग्यच होता. तेव्हापासून खोका वस्तूच्या मापाचा बेतते आणि उरलेल्या फटीत वर्तमानपत्र दाबून बसवते.

खासगी सेवेच्या बाजूने सांगण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते सांगितले पाहिजे. मोठ्या कंपनीचा माणूस फोन केल्यावर घरी येऊन पाकीट घेऊन जातो, आणि डोंगरउताराच्या या शहरात हातात खोका घेऊन रिक्षा शोधण्यापेक्षा ते फार सोयीचे पडते. टपालाच्या खिडकीवर दुपारची वेळ गाठावी लागते, पेन्शन आणि बचतखात्यांच्या गर्दीत उभे राहावे लागते. शिवाय कंपनीच्या कार्यालयात फोन केला की निदान कोणीतरी उचलतो, आणि पाकीट चेन्नईत कुठे अडले आहे ते दहा मिनिटांत सांगतो. पुणे, मुंबई, कोल्हापूर अशा शहरांतील कार्यालयीन पत्त्यांवर, ठरलेल्या तारखेच्या आत कागद पोहोचायलाच हवा असेल, तर मी आजही याच कंपनीकडे जाते.

शहराबाहेर मात्र चित्र उलटे होते. आमची आत्या खानापूर तालुक्यातील एका लहान गावी राहते. तिला जायफळ आणि दालचिनी फ्रँचायजीच्या कंपनीने पाठवली तेव्हा सामान विट्यापर्यंत व्यवस्थित पोहोचले आणि तिथून आत्याला फोन आला की गाव आमच्या हद्दीत नाही, येऊन घेऊन जा. सत्तरी ओलांडलेल्या बाईने दोन पुड्यांसाठी एसटीने तालुक्याला जायचे, यात पोहोचवणी कुठली आणि सेवा कुठली? हीच पुडी स्पीड पोस्टाने गेली तेव्हा गावच्या शाखा डाकघरातील डाकसेवकाने ती दारात आणून दिली, आणि पाणी पिऊन, अंदमानला पाऊस कसा आहे ते विचारून गेला. बेट सोडताना दोन्ही सेवा एकाच विमानात असतात, पण शेवटच्या पाच-सात किलोमीटरला गावात हक्काचा माणूस कोणाकडे आहे, यावर माझी निवड ठरते. गावाकडच्या पत्त्यासाठी मी आता टपालाखेरीज दुसरा विचार करत नाही.

विमानाने काय जाऊ शकते, याची माहिती सामान स्वीकारणाऱ्याला असणे हा बेटावरून पाठवताना सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि इथेच मला सर्वांत मोठा मनस्ताप झाला. फ्रँचायजीच्या काउंटरवर खोबरेल तेलाच्या बाटल्यांचा खोका काहीही न विचारता घेतला गेला, पैसे घेतले गेले, आणि पंधरवडाभराने तो विमानतळावरच्या तपासणीत अडला म्हणून परत आला. वर परतीचा आकार मागितला गेला, तो मी दिला नाही. टपालाच्या खिडकीवर आत काय आहे हा प्रश्न आधीच येतो. द्रव पदार्थ असेल तर बांधणी पाहतात आणि नकार द्यायचा असेल तर तिथल्या तिथे देतात. तोंडावर मिळालेला नकार मला पंधरा दिवसांनी मिळणाऱ्या नकारापेक्षा कितीतरी बरा वाटतो. अत्तरे, फवाऱ्याचे डबे, पॉवर बँक, सुट्या लिथियम बॅटऱ्या यांच्या बाबतीत तर प्रयत्नच करू नये. नातेवाईक हमखास शंख-शिंपले आणि प्रवाळ मागतात. सर्व प्रवाळ आणि शंखांच्या बऱ्याच जाती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे किनाऱ्यावर सापडलेले असले तरी ते कोणत्याही मार्गाने पाठवू नयेत. हे समजावून सांगताना पाहुण्यांचा रोष पत्करावा लागतो, त्याला इलाज नाही.

तेल पाठवायचेच असेल तर बांधणी अशी करते. बाटलीच्या तोंडाशी आधी प्लॅस्टिकचा तुकडा, त्यावर घट्ट झाकण, झाकणाभोवती चिकटपट्टी, मग बाटली रात्रभर वर्तमानपत्रावर उलटी ठेवायची. सकाळी कागदावर डाग नसेल तरच ती दोन पिशव्यांत घालून खोक्यात जाते. खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठते, त्यामुळे थंडीत पुण्याला पोहोचेपर्यंत ते आपोआप घट्ट होते. गळतीचा खरा धोका इथेच आणि चेन्नईच्या उन्हात असतो. दुसरा शत्रू म्हणजे दमट हवा. इथे पुठ्ठ्याचा खोका दोन दिवस उघडा राहिला तरी सादळतो, कोपरे बसतात आणि शाईच्या पेनाने लिहिलेला पत्ता फुटतो. म्हणून पत्ता बॉलपेनने लिहून त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लावते, आणि त्याच पत्त्याची एक चिठ्ठी खोक्याच्या आतही टाकते. मसाल्याच्या पुड्या सीलबंद नसतील तर पोहोचेपर्यंत लवंगेचा वास जायफळाला आणि जायफळाचा कागदपत्रांना लागतो, हेही जाता जाता नोंदवते.

मागोवा घेण्याच्या सोयीत मोठी कंपनी टपालापेक्षा निश्चित सरस आहे, कारण तिच्या नोंदी वेळेवर होतात आणि मराठी-हिंदीत संदेश येतात. स्पीड पोस्टाच्या नोंदीत पाकीट विमानात चढल्यानंतर पुढच्या केंद्रात उतरेपर्यंत शांतता असते आणि ती शांतता कधी दोन, कधी चार दिवसांची होते. पण या नोंदी घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात, हीसुद्धा एका अर्थी प्रगतीच म्हणायची, कारण चेन्नईहून समुद्राखालून आलेली ऑप्टिकल फायबर केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि त्याआधी इथले सगळे इंटरनेट उपग्रहावर चालत असे.

तिकडून इकडे मागवताना पत्त्याची अडचण वेगळीच आहे. शहराचे नाव बदलले, तरी कित्येक कंपन्यांच्या यादीत अजून पोर्ट ब्लेअरच आहे. हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप २०१८ च्या अखेरीस झाले, तरी तिथेही जुनीच नावे चालतात. नव्या नावाने लिहिलेला पत्ता एका संगणकाने ओळखलाच नाही, असे आमच्या शेजाऱ्यांच्या बाबतीत घडले. दोन्ही नावे लिहावीत आणि पिनकोड न चुकता लिहावा, कारण वर्गवारी अखेर त्यावरच होते: मुख्य डाकघराच्या भागाला ७४४१०१, हड्डोला ७४४१०२, जंगलीघाटला ७४४१०३. टपाल खात्याच्या रचनेत ही बेटे पश्चिम बंगाल परिमंडळात येतात, म्हणून पुण्याहून निघालेले पाकीट कोलकात्यात दिसले तर घाबरून जाण्याचे कारण नाही. दिवाळीचा फराळ मागवताना चकली आणि शेव स्पीड पोस्टाने निभावली, पण लाडू डब्यात नीट न बसवल्याने अर्धे पिठाच्या रूपात आले. तो दोष वाहकाचा नव्हता.

नुकसानभरपाईबद्दल दोन्हीकडे फारशी आशा धरू नये. स्पीड पोस्टाचे पाकीट हरवले किंवा खराब झाले तर शुल्काच्या दुप्पट रक्कम किंवा १,००० रुपये, यांतील जी कमी असेल ती मिळते. खासगी पावतीच्या मागे बारीक अक्षरात छापलेल्या अटीही यापेक्षा फार उदार नसतात. किमती वस्तूला वेगळा विमा उतरवणे, किंवा ती सुट्टीवर जाणाऱ्या माणसाच्या सामानातून देणे, एवढेच पर्याय उरतात, आणि इथले बहुतेक लोक दुसराच निवडतात. वीस-पंचवीस किलोंच्या वरचे घरसामान या दोन्ही सेवांनी पाठवण्यात अर्थ नाही. त्यासाठी चेन्नईला जहाजाने माल नेणारे एजंट आहेत. महिनाभर लागू शकतो, पण खर्च आवाक्यात राहतो.

हे सगळे पोर्ट ब्लेअरमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे. रंगत, मायाबंदर, डिगलीपूर इथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांना खासगी काउंटर मिळालाच तर त्याचा वायदा पोर्ट ब्लेअरपासून मोजला जातो, आणि तिथवर सामान आणायचे ते अंदमान ट्रंक रोडच्या बसने. ग्रेट निकोबारवरच्या कॅम्बेल बेला तर जहाज आणि हेलिकॉप्टर यांवरच भिस्त आहे. तिथे डाकघर आहे, पिनकोड ७४४३०२. तिकडून काही पाठवायचे असेल तर आधी जहाजाची तारीख विचारून घ्यावी आणि पाकीट त्याच्या आदल्या दिवसापर्यंत खिडकीवर द्यावे.