विकिपीडियावर लिहायचंय: बिनखात्याने की टोपणनावाने?
खातं न काढता लिहिलं की आपण अनोळखी राहतो, असं नवख्यांना हमखास वाटतं. झालं उलटंच. वर्षानुवर्षं अशा बदलापुढे तुमचा आयपी पत्ता (इंटरनेट जोडणीचा क्रमांक) पानाच्या इतिहासात सगळ्यांना दिसायचा. त्यावरून शहर, कधी कधी ऑफिसही कळायचं. आता बिनखात्याने लिहिलं की आयपीऐवजी नाव दाखवणारी तात्पुरती खाती आलीत, तरी आयपी बऱ्याच अनुभवी सदस्यांना पाहता येतो. टोपणनावाचं खातं केव्हाही बरं: आयपी फक्त मोजक्या तपासनीसांना, तोही साधारण ९० दिवस. ईमेल ऐच्छिक (पण पासवर्ड विसरलात तर बसा बोंबलत). मात्र इन्स्टाग्रामवरचंच नाव इथे नको. कोर्टापुढे दोन्ही लंगडे. एएनआय या वृत्तसंस्थेच्या विकिपीडियाविरुद्धच्या खटल्यात २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयाने संपादकांचा तपशील द्यायला सांगितलाच होता.